मेळाव्याला जातेस तर सकाळीच जा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला तू जाणार हे ऐकून आनंद झाला. पण सकाळची व्याख्यानं टाळून थेट जेवणाच्या वेळी पोचायचा बेत आहे म्हणालीस, तो मला पटला नाही. मैत्रिणी दुपारीही भेटतील. फौजदारी कायद्यावरचं व्याख्यान सुरू होण्याआधी सभागृहात जाऊन बस.

आपल्याकडे वकील झाल्यावर शिकत राहणं कुणी सक्तीचं केलेलं नाही. वकिलीसाठीची ऑल इंडिया बार परीक्षा एकदा पास झालीस की पुढे तू एखादा निकाल वाचतेस की नाही, हे विचारायला कुणी येत नाही. न्यूयॉर्कमध्ये मुरलेल्या वकिलालाही दर दोन वर्षांत 24 तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. तिकडची कित्येक लॉ स्कूल माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातच अशी व्याख्यानं ठेवतात, त्यामुळे भेटीही होतात आणि तासही भरतात. आपल्या 1961 च्या अधिवक्ता अधिनियमात, कलम 6 मध्ये, राज्य बार कौन्सिलने नामवंत कायदेपंडितांची व्याख्यानं घडवावीत असं लिहिलंय. ती ऐकायला जाणं मात्र ज्याच्या त्याच्या मनावर. वकीलपत्रावर अंगठा उठवणाऱ्या पक्षकाराला यातलं काही ठाऊक नसतं, तो आपल्यावर विसंबून असतो.

त्यात 1 जुलै 2024 पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले. खुनाला कलम 302 ऐवजी 103, फसवणुकीला 420 ऐवजी 318, हे कोष्टकात बघून कळतं. तेवढ्यासाठी कुणी व्याख्यानाला जाऊ नये. जायचं ते प्रत्यक्ष पुरावा नोंदवताना अडतं कुठे, हे समजून घ्यायला.

तुझं मारामारीचं प्रकरणच घे. घटना गेल्या महिन्यातली, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत तुझा आरोपी भांडण सोडवताना दिसतो. दुकानदाराने फुटेज पेनड्राइव्हवर दिलं, पण कागदावर सही करायला तो तयार नाही. असं फुटेज पुरावा म्हणून दाखल करायला पूर्वी कलम 65-ब चा दाखला, म्हणजे ते कोणत्या यंत्रावरून कसं घेतलं याचं सही केलेलं प्रमाणपत्र, लागायचा, आता 63 चा. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापलाय. त्यात ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत, ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाईल बदललेली नाही हे ताडून बघायचा आकडा, लिहायची. आता हा तज्ज्ञ कोण? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79-अ खाली अधिसूचित केलेला परीक्षकच हवा, की संगणकाचा दुसरा जाणकार चालेल? कलम 63 मध्ये याचा खुलासा नाही. आणि मूळ डीव्हीआरच, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणारं यंत्र, कोर्टात आणून दुकानदाराला साक्षीला उभं केलं, तर दाखल्याची गरज उरते का?

हे दोन प्रश्न कागदावर लिहून ने. पक्षकाराचं नाव, गुन्हा नंबर, पोलीस ठाणं यातलं काहीही त्यावर नको. सभागृहात सरकारी वकीलही असतील आणि कदाचित न्यायाधीशही.

जाण्याआधी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल हा सर्वोच्च न्यायालयाचा 14 जुलै 2020 चा निकाल पूर्ण वाच. हेडनोटवर, म्हणजे वर छापलेल्या सारांशावर, थांबू नकोस. प्रकरण आपल्या जालन्याचं आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत तिथे 296 मतांनी निकाल लागला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. दाखला पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिला नाही. न्यायालयाने दाखला बंधनकारक ठरवला. पण मूळ यंत्रच हजर केलं तर त्याची गरज नाही, असंही सांगितलं. समोरचा दाखला देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून तो मागवता येतो, आणि ज्याने आपल्याकडून सगळे प्रयत्न केले त्याला सूट मिळू शकते. ते प्रयत्न सिद्ध झाले ते लेखी मागणीमुळे. तुझ्या दुकानदाराशी तू आतापर्यंत फक्त फोनवर बोलली आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

हा निकाल जुन्या कायद्यावरचा आहे. त्यातलं किती नव्या कलमाला लागू पडेल, हेच व्याख्यात्याला विचार. वक्ता आपण जिंकलेल्या खटल्यांच्या आठवणींत रमला तर सत्र संपेपर्यंत थांब आणि चहाच्या वेळी गाठ. तिथे अधिक मोकळं उत्तर मिळतं, असा माझा अनुभव आहे.

तालुका कोर्टात काम करते म्हणून संकोच करू नकोस. हायकोर्टातल्या मोठ्या वकिलापुढे येते ती तयार पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांची बांधणी. पेनड्राइव्ह साक्षीदाराच्या हातात देणं, समोरच्या वकिलाची हरकत नोंदवून घेणं, पुराव्यावर निशाणी क्रमांक पडणं, हे सगळं तुझ्यासमोर घडतं. तिथे राहिलेली उणीव अपिलात भरून काढणं फार अवघड. त्यामुळे तुझा प्रश्न त्या सभागृहातल्या पुष्कळांना उपयोगी पडेल, हे मी मनापासून सांगतोय.

ई-फायलिंगचं सत्र सोडलंस तरी चालेल, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

परत आलीस की कोर्टाकडे करायच्या अर्जाचा मसुदा घेऊन ऑफिसला ये, आपण बसून बघू. दुकानदाराला मात्र मेळाव्याची वाट न बघता उद्याच पत्र धाड. डीव्हीआर जपून ठेवा आणि ‘अ’ भागावर सही द्या, असं स्पष्ट लिही. स्पीड पोस्टाने पाठव, पावती फाईलला लाव. त्या यंत्रात जुन्या चित्रीकरणावर नवं चढत राहतं, आणि घटनेला महिना होत आला आहे.

तुझा,
सर