वाचकांचे प्रश्न : जीवितकार्य कुठे शोधावे?

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून कोल्हापुरातील एका सहकारी बँकेत १७ वर्षे नोकरी करीत आहे. घरी आई, पत्नी आणि दहावीतील मुलगी आहे. घराचे कर्ज फिटत आले आहे. तक्रार करावी असे काही नाही. तरीही संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना ‘हे सारे आपण कशासाठी करतो आहोत’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. २०१९ च्या महापुरात रजा काढून आठ दिवस एका निवारा केंद्रात काम केले. नेसत्या वस्त्रांनिशी घराबाहेर पडलेल्या वृद्धांच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांची यादी करून त्या मिळवून देणे माझ्याकडे होते. तेवढे दिवस हा प्रश्न पडला नाही. पण महापूर काही रोज येत नाही. नोकरी सोडून काही वेगळे करावे का? माझे जीवितकार्य मला कसे सापडेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘महापूर काही रोज येत नाही’ हे तुमचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण तुमची अडचण तिथेच आहे असे मला वाटते. त्या आठ दिवसांतील समाधानाचे श्रेय तुम्ही पुराला दिले आहे. मात्र पत्रात तुम्ही ना चढत्या पंचगंगेविषयी लिहिले, ना होड्यांविषयी. लिहिले ते गोळ्यांच्या यादीविषयी. औषधाचे नाव ठाऊक नसलेल्या, ‘सकाळी पांढरी आणि रात्री अर्धी’ एवढेच सांगू शकणाऱ्या आजोबांजवळ बसून, डॉक्टरांना विचारून, नेमकी गोळी शोधून काढायला चिकाटी लागते, आणि एका रुपयाचा फरक निघाला तरी ताळा जुळेपर्यंत न उठण्याची सवय लागते. ही सवय तुम्हाला बँकेनेच लावली. म्हणून ज्या नोकरीला तुम्ही निरर्थक समजू लागला आहात, तिचा त्या समाधानातील वाटा आधी मान्य करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्याच जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकले, पण त्यांची मॅट्रिक काही झाली नाही. पुढे त्यांनी शिकवण्या घेतल्या, विक्रेता म्हणून किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरती केली. त्या फिरतीत खेड्यांतील शिक्षणाची अवस्था त्यांना जवळून पाहायला मिळाली आणि १९१९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आपण त्यांचे कार्य शेवटाकडून पाहतो, त्यामुळे ते आधीच ठरलेले होते असे वाटते. प्रत्यक्षात पोटासाठी केलेली पायपीटही त्या कार्याच्या कामी आली.

नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी या प्रश्नाची दिशाच उलटी केली. आयुष्याचा अर्थ काय, असे आपण आयुष्याला विचारायचे नसून आयुष्यच आपल्याला रोज काही विचारत असते आणि आपण त्याला कृतीने उत्तर द्यायचे असते, असे ते मांडत. एका जागी बसून स्वतःच्या मनाचा तळ ढवळत राहण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक खरा वाटतो. निवारा केंद्रातही ‘माझे ध्येय कोणते’ असे तुम्हाला कोणी विचारले नव्हते. ‘माझी गोळी मिळेल का’ एवढेच विचारले होते.

नोकरी सोडू नये, निदान आता तरी. मुलीचे शिक्षण आणि आईचे वय पाहता त्या निर्णयाची किंमत घरातील सर्वांना मोजावी लागेल. झोप, भूक आणि कामातील लक्ष उडून दोन आठवड्यांहून अधिक काळ लोटला असेल, तर मात्र हा प्रश्न ध्येयाचा न समजता डॉक्टरांना भेटावे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते.

तुमच्या बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असेल. त्यांपैकी एका शनिवारी सकाळी सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि कोणत्या कामात हातभार लावता येईल ते विचारा. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडून पहाटेच्या एसटीने येणाऱ्या वृद्ध रुग्णाला कोणती गोळी केव्हा घ्यायची हे मोठ्या अक्षरांत लिहून हवे असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतील हे समजून घ्यायचे असते. योजनेचे आरोग्यमित्र तिथे असतात, पण शेजारी बसून दोनदा समजावून सांगणारे माणूस अधिक मिळाले तर ते हवेच असते. सहा महिने हे करून पाहा आणि तोवर त्याला जीवितकार्य वगैरे नाव देऊ नका. पहिले एक-दोन शनिवार अवघडल्यासारखे जातील. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

तुमच्या आईच्या औषधांची अशी यादी घरात आहे का, हे पत्रावरून समजत नाही. नसेल तर या कामाची सुरुवात तिथून करा.