नायलॉन आणि धातू, दोन्हीसाठी एकच लेझर मशीन चालेल का?

तुम्ही विचारलंय की सध्या जिग-फिक्स्चर (काम करताना वस्तू जागेवर धरणारी साधनं) आणि प्रोटोटाइप नायलॉनमध्ये करायचे आहेत, पुढे थोडं धातूचं काम येईल, तर नुसती पावडर बदलून दोन्ही करणारं एकच लेझर थ्रीडी प्रिंटिंग मशीन घ्यावं का. माझं स्पष्ट मत: घेऊ नका. वरून दोन्ही मशीन सारखीच दिसतात. पावडरीचा पातळ थर पसरायचा, लेझरने हवा तो भाग वितळवायचा, प्लॅटफॉर्म एक थर खाली आणि पुन्हा तेच. पण आतलं सगळं पावडरीप्रमाणे ठरतं.

नायलॉनसाठी बहुतेक मशीनमध्ये १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा कार्बन डायऑक्साइड लेझर असतो. तो प्रकाश प्लास्टिक चांगला शोषतं, धातू मात्र बराचसा परत फेकतो. म्हणून धातूला साधारण १.०७ मायक्रॉनचा फायबर लेझर लागतो.

त्याहून मोठा फरक उष्णतेचा. नायलॉन १२ मध्ये आख्खा बेड (पसरलेली पावडर) वितळबिंदूच्या थोडा खाली, १७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ठेवतात; लेझर फक्त उरलेली थोडी उष्णता देतो. त्यामुळे पार्ट वाकत नाही, भोवतालची पावडरच त्याला आधार देते आणि चेंबरभर पार्ट एकावर एक रचता येतात. मात्र बिल्ड (एका वेळची छपाई) संपल्यावर केक, म्हणजे पार्टसकट पावडरीचा गठ्ठा, सावकाश थंड होऊ द्यावा लागतो, आणि मोठ्या बिल्डला यात छपाईइतकाच वेळ जाऊ शकतो. घाईने उघडलात तर पार्ट वाकलेच म्हणून समजा. डिलिव्हरीचा हिशोब करताना लोक हे हमखास विसरतात.

धातूत उलट आहे. पार्ट खालच्या धातूच्या प्लेटला जोडलेला असतो, थर २० ते ६० मायक्रॉनचे, आणि वितळलेला धातू क्षणात गोठताना आत ताण साठवत जातो. तिथले सपोर्ट, म्हणजे पार्टसोबतच छापलेले आधार, पार्ट धरून ठेवायला आणि उष्णता प्लेटमध्ये उतरवायला असतात. सपोर्ट कमी पडला तर कड वर उचलली जाते, रीकोटरचं, म्हणजे पावडर पसरवणारं, पातं तिला अडतं आणि बिल्ड तिथेच थांबतं. नंतर ताण काढायची भट्टी, प्लेटवरून कापायला वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणारं मशीन), मग सपोर्ट तोडणं आणि मशीनिंग. म्हणजे धातूचं मशीन घेताना ही सगळी साखळी विकत घ्यावी लागते, किंवा तिचा भरवशाचा पुरवठादार तरी हवा.

लेझर किती वॅटचा, यावर फार अडकू नका. शक्तीला वेग, लेझरच्या दोन रेषांमधलं अंतर आणि थराची जाडी यांच्या गुणाकाराने भागलं की प्रति घन मिलीमीटर ऊर्जा मिळते. २०० वॅट, सेकंदाला ८०० मिमी, ०.१ मिमी अंतर, ०.०३ मिमी थर धरला तर ती सुमारे ८३ ज्यूल. फार कमी पडली तर पावडर अर्धवट वितळते, फार जास्त झाली तर पार्टच्या आत खोलवर छिद्रं राहून जातात. आकडा एकच असूनही निकाल वेगळा येऊ शकतो, म्हणून तो सुरुवातीच्या अंदाजापुरताच धरा.

आता सुरक्षितता, आणि इथे मी आग्रह धरेन. टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमची बारीक पावडर हवेत उडाली तर पेट घेऊ शकते, स्फोटही होतो. अशा आगीवर पाणी मारायचं नाही, धातूच्या आगीसाठीचाच अग्निशामक जवळ हवा. साधा व्हॅक्यूम क्लीनर चालत नाही. टायटॅनियम गरम असताना नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून तिथे चेंबरमध्ये हवेऐवजी आर्गॉन वायू लागतो. आर्गॉन हवेपेक्षा जड, त्याला वास नाही. गळती झाली तर खोलीतला ऑक्सिजन नकळत कमी होतो. खोलीत ऑक्सिजन मीटर नसेल तर मशीन सुरूच करू नका. फिल्टरमध्ये साठलेली काजळी तर मूळ पावडरीहून धोकादायक असते, हवा लागताच पेटू शकते.

तुमच्या कामासाठी मी नायलॉनचं मशीन घेईन आणि धातूचे पार्ट बाहेरून करून घेईन. नायलॉनची वापरलेली पावडर उष्णतेने जुनी होत जाते, तिच्यात बऱ्याचदा निम्म्यापर्यंत नवी मिसळावी लागते. हे प्रमाण पार्टच्या किमतीत आधीच धरा. धातूचं काम वाढलं आणि एकाच मिश्रधातूवर स्थिरावलं, तर त्याच धातूसाठी स्वतंत्र मशीन बघा. धातू बदलताना करावी लागणारी सफाई फार वेळखाऊ असते, आणि परके कण राहिले तर पार्ट वाया जातो. ते मशीन बघायला जाल तेव्हा नमुना पार्ट हातात घेण्याआधी वापरलेला फिल्टर तुमच्यासमोर बदलून दाखवायला सांगा.