गाडीच्या वायरिंगवरून छोटं उपकरण चालवताना

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण तो आकडा धरून चालू नका. इंजिन सुरू असताना अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) साधारण १४ व्होल्ट देतो, स्टार्टर फिरताना व्होल्टेज बरंच खाली येतं, आणि चार्जिंग चालू असताना बॅटरीची वायर निसटली तर क्षणभर कित्येक पट उसळी बसते. म्हणून ५ किंवा ९ व्होल्टचं उपकरण कधीही थेट जोडू नका.

७८०५ची आयसी (व्होल्टेज ५ वर आणणारी चिप) लावू का, असं बरेच जण विचारतात. १ अँपिअर घेतलात तर १४ उणे ५, म्हणजे ९ व्होल्ट गुणिले १ अँपिअर, ९ वॅट नुसती उष्णता. मोठ्या हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) ती आयसी टिकणार नाही. गाडीसाठीच बनवलेला बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवणारं सर्किट) घ्या.

आणि फ्यूज! तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा, उपकरणापाशी नको. वायर मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी आणि फ्यूजमधला तुकडा तापून पेट घेऊ शकतो. फ्यूज वायरला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा निवडा. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी, वायर घासू न देणारी कडी) विसरू नका.

जोडण्याआधी मल्टिमीटरने ध्रुव (धन-ऋण) तपासा, दोनदा.