नवीन रो हाऊसमध्ये वॉल टू वॉल कार्पेट टाकायचंय, कार्पेट आणि अंडरले कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रो हाऊसचा ताबा आत्ताच मिळालाय, घरात तीन वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी आई आहे, थंडीत फरशी गार पडते म्हणून खाली-वर सगळीकडे कार्पेट करायचंय. मी इंदिरानगरला राहते, चार वर्षांपूर्वी आम्हीपण नवीन घरात हेच केलं होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक विनंती, घाई करू नका. निदान एक पावसाळा जाऊ द्या. आमची वास्तुशांत अक्षय तृतीयेला होती, पाहुणे यायच्या आत सगळं तयार पाहिजे म्हणून तळमजल्याच्या बेडरूममध्ये टाइल्ससुद्धा न बसवता सरळ कोब्यावर फेल्टचं (दाबलेल्या तंतूंचं) अंडरले, म्हणजे कार्पेटखाली घालतात तो थर, आणि त्यावर कार्पेट चिकटवून घेतलं. दुकानदार म्हणाला काही होत नाही. जुलैत खोलीत कुबट वास यायला लागला, आम्हाला वाटलं खिडकी बंद असते म्हणून असेल, मग मुलगी त्या खोलीत झोपली की रात्रभर खोकायची. शेवटी कोपरा उचकटून बघितला तर फेल्ट ओलं आणि खाली काळी बुरशी. प्लंबरला बोलावून सगळं तपासलं, गळती कुठेच नव्हती. ते पाणी बांधकामातलंच होतं हो! स्लॅब, कोबा, प्लास्टर सगळ्यात पाणी, वर क्युरिंगला मारलेलं वेगळं, ते हळूहळू वरूनच बाहेर पडतं आणि आपण त्याचीच वाट बंद करून टाकतो. ढोबळ हिशोब असा की काँक्रीटच्या एक इंच जाडीला सुकायला साधारण एक महिना, म्हणजे चार इंचाला चार महिने, आणि तेही हवा कोरडी असेल तर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धरायचेच नाहीत.

सुकलंय का हे घरीच बघता येतं. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर ठेवा, चारी बाजूंनी टेपने पक्कं चिकटवा, निदान १६ तास तसंच राहू द्या. एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेच्या चाचणीतही हेच माप आणि हीच वेळ आहे. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा भाग काळपट झाला असेल तर थांबा. एका जागी करून समाधान मानू नका, बाथरूमच्या भिंतीजवळ आणि बाहेरच्या भिंतीजवळ नक्की करा.

आता अंडरले. ते दिसत नाही म्हणून लोक तिथेच पैसे वाचवतात आणि माझ्या मते नेमकं उलटं करायला पाहिजे, कार्पेट एक पायरी स्वस्त घ्या पण अंडरले चांगलं घ्या. दुकानात जाडी दाखवून विकतात, १२ एमएम, १५ एमएम, पाय ठेवला की गादीसारखं वाटतं आणि आपण भुलतो. जाडी नाही, घनता बघायची. घरातल्या वापराला घनमीटरला १०० किलोच्या आसपास पाहिजे आणि जाडी ११ एमएमच्या वर नको, कारण जास्त जाड आणि मऊ असलं तर प्रत्येक पावलाला कार्पेट खाली वाकतं, मागचं बॅकिंग, म्हणजे धागे ज्यात विणलेले असतात ते मागचं कापड, सैल होतं, सुरकुत्या पडतात. लूपवालं, म्हणजे वर धाग्यांची न कापलेली वेटोळी असलेलं, कार्पेट असेल तर अजून पातळ आणि घट्ट घ्या. दुकानदाराला घनता विचारली तर बऱ्याचदा सांगता येत नाही, म्हणून मी दुसऱ्या वेळेला काय केलं, ८ एमएमचा एक फूट बाय एक फूट तुकडा सॅम्पल म्हणून मागून आणला आणि किचनच्या वजनकाट्यावर ठेवला. १०० च्या घनतेला तो ७०-७५ ग्रॅम भरायला पाहिजे. जो पांढरा हलका फोम लाकडी फ्लोअरिंगखाली घालतात तो कोणी कार्पेटखाली देत असेल तर घेऊ नका, थोड्या दिवसांत चपटा होतो. री-बॉन्डेड फोम, म्हणजे फोमच्या तुकड्यांचा दाबून केलेला रंगीबेरंगी दिसतो तो, घरासाठी चांगला. तळमजल्यावर फेल्ट आणि ज्यूट दोन्ही टाळा, ओल धरतात आणि ज्यूटला वाळवीपण लागते.

कार्पेटचं म्हणाल तर वूल सुंदर असतं, उबदार, पण कसर लागते आणि लहान मूल असताना दूध-वरण सांडायचंच, त्यामुळे आत्ता नको. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पाणी पीत नाही, पण पलंगाच्या पायाखाली दबलं की दबलंच, आणि तेलाचा डाग धरून ठेवतं. नायलॉन महाग पडतं पण दाबलं तरी परत उभं राहतं, बेडरूमसाठी मी तेच घेतलं, आखूड कट पाइलचं, म्हणजे वरचे धागे कापून उभे ठेवलेलं. लांब केसांचं शॅगी घेऊ नका, आपल्याकडे मे महिन्यात काय धूळ येते ते माहितीये, ती मुळापर्यंत जाऊन बसते आणि व्हॅक्यूमनेसुद्धा निघत नाही. सॅम्पल मागे वाकवून बघा, मधून बॅकिंग जितकं कमी दिसेल तितकी वीण दाट.

बिलाचा हिशोब आधीच समजून घ्या. खोली १० बाय १२ म्हणजे १२० स्क्वेअर फूट, पण ४ मीटरचा रोल १३ फुटांहून किंचित जास्त रुंद असतो आणि कडेला कापायला थोडं जास्त लागतं, म्हणजे साडेदहा फूट कापलं तरी बिल जवळजवळ १३८ स्क्वेअर फुटांचं होतं. उरलेले तुकडे सोडून येऊ नका, पुढे डाग पडला तर तेवढाच चौकोन कापून बदलता येतो. अंडरले आणि कार्पेट मिळून दीड-दोन सेंटिमीटर उंची वाढते, दार घासतं, सुताराला आधीच सांगून ठेवा. आणि रंग, पीओपी, फर्निचरचं पॉलिश सगळं संपल्यावरच कार्पेट, त्याआधी अजिबात नाही.

हॉलमध्ये आणि आईच्या खोलीत वॉल टू वॉल नका करू असं मला मनापासून वाटतं. विट्रीफाइड टाइल्सवर कार्पेट ताणून धरणाऱ्या कडेच्या पट्ट्यांचे खिळे ठोकले तर टाइल तडकते, चिकटवलं तर नंतर काढताना हाल. तिथे सुटा गालिचाच बरा, खाली रबरची जाळीदार अँटी-स्किड शीट गालिच्यापेक्षा इंचभर आत कापून. आमच्या सासूबाईंचा पाय एकदा दुमडलेल्या कोपऱ्यात अडकला होता, पडता पडता पलंगाला धरलं म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्यांच्या खोलीत पातळ गालिचा आहे आणि दोन कोपरे पलंगाच्या पायाखाली दाबलेले. थंडीत पारा १० च्या खाली जातो तेव्हा पलंगावरून पाय खाली सोडला की तो गालिच्यावरच पडतो, एवढ्याने त्यांचं भागतं.