वावराखालची लाव्हा नळी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विहीर खणताना, मुरूम काढताना किंवा धुऱ्यालगतची जमीन खचल्यावर खाली पोकळी दिसली की ‘आमच्या वावराखाली लाव्हा नळी निघाली, आता काय करावे?’ अशी विचारणा हल्ली विदर्भाच्या अनेक तालुक्यांतून होते. गोंधळ सर्वांचा तोच असतो आणि उत्तराची वाट न पाहता अनेकांनी जेसीबीही बोलावलेला असतो. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न: विहीर खणताना पंधरा-सोळा फुटांवर आडवी पोकळी लागली. ही लाव्हा नळीच असेल ना? (मेहकर तालुका)

असेलच असे नाही. आपल्याकडचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. वाहत्या लाव्हाचा वरचा पापुद्रा थिजतो, आतला द्रव पुढे निघून जातो आणि मागे नळी उरते. परंतु ती इतकी वर्षे मोकळी राहणे दुर्मीळ आहे. शिवाय विदर्भातील लाव्हा बहुतांशी जाड, पसरट थरांत साचलेला असल्यामुळे येथे अशी नळी आणखीच विरळा. दोन थरांमधला तांबडा, मऊ पट्टा पाण्याने झिजूनही पोकळी तयार होते. वणी-कोरपना भागातील पोकळी तर चुनखडीतली असू शकते आणि तिचे शास्त्र सर्वस्वी वेगळे आहे. छत गोलाकार व गुळगुळीत आहे का, भिंतींवर लाव्हाची पातळी उतरत गेल्याच्या आडव्या रेषा आहेत का, छताला थिजलेले दगडी थेंब लोंबतात का, हे जाणकाराने आत जाऊन पाहिले पाहिजे. मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावरून निदान होत नाही. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे मध्य क्षेत्राचे कार्यालय आहे, तेथे लेखी कळवावे. तोपर्यंत विहिरीचे काम, आणि विशेषतः सुरुंग, बंद ठेवावेत.

प्रश्न: आमचे भुयार गाविलगडापर्यंत जाते असे जुने लोक सांगतात. हे खरे आहे का? (अचलपूर तालुका)

नाही.

प्रश्न: एक मांत्रिक म्हणतो की आत गुप्तधन आहे व अमावास्येला पूजा करून ते काढता येईल. (नाव, गाव दिलेले नाही)

लाव्हा नळी माणसाच्या जन्माआधी कोट्यवधी वर्षे तयार झालेली असते; निसर्गाने तिच्यात धन पुरलेले नाही. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणे आणि करवून घेणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. खरोखरच पुरलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. या माणसाला दाराबाहेर काढा आणि आजच पोलीस ठाण्यात कळवा.

प्रश्न: सातबारा माझा आहे, पण गुहेचे तोंड शेजाऱ्याच्या गटात आहे. गुहा कोणाची? (मालेगाव तालुका, वाशीम)

भारतात गुहांसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे सामान्य तत्त्वे लावावी लागतात. जमिनीच्या मालकाचा हक्क साधारणपणे खालच्या भागापर्यंत पोहोचतो, म्हणून आपल्या गटाखालचा भाग आपला आणि त्यांच्या गटाखालचा त्यांचा, असे मानण्यास जागा आहे. मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीवरील व जमिनीखालील खनिजांवर, शासनाने जमीन देताना घातलेल्या अटींत वेगळे काही नसेल तर, राज्य शासनाचा हक्क आहे. पोकळी आपली मानली, तरी तिच्या भिंतीतला दगड काढून विकण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. शेजाऱ्याच्या गटातील तोंडातून गुहेत जाण्यासाठी त्यांची संमती लागेल आणि ती लेखी असावी. अमेरिकेच्या हवाई राज्याने २००२ साली गुहांसाठी कायदा करून मालकाच्या लेखी संमतीची अट घातली; तेथील काझुमुरा ही नळी ६५ किलोमीटरहून लांब असून असंख्य मालकांच्या भूखंडांखालून जाते. आपल्याकडे तशी तरतूद नसल्यामुळे दिवाणी वकिलाचा सल्ला आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी, या दोन्हींशिवाय शेजाऱ्याशी वाद घालू नये.

प्रश्न: पोकळीवर घर बांधता येईल का? ट्रॅक्टर चालवला तर चालेल का?

छताची जाडी आणि त्यातील भेगा मोजल्याशिवाय घर नको, बोअरची गाडी नको आणि शेततळे तर मुळीच नको. नांगरटीबाबत प्रत्यक्ष पाहणी करणाऱ्या भूशास्त्रज्ञाला विचारावे.

प्रश्न: यंत्राने पोकळी कुठपर्यंत आहे ते दाखवतो, असे एक जण म्हणतो. विश्वास ठेवावा का?

यंत्र कोणते, ते आधी विचारा. जमिनीत रडार लहरी सोडणारे यंत्र कोरड्या, उघड्या पाषाणावर चांगले चालते. आपल्या ओल्या काळ्या मातीत त्या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात. विद्युत रोधकतेच्या, म्हणजे जमीन विजेला किती अडवते याच्या, पाहणीत पोकळीचा रोध फार जास्त येतो, परंतु अखंड पाषाणाचाही जास्तच येतो, त्यामुळे आकड्यांचा अर्थ लावणारा माणूस यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो. तासाभरात रंगीत नकाशा हातात देऊन पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. हातात नारळ किंवा कडुनिंबाची काडी धरून जमिनीखालचे सांगणाऱ्यांविषयी तर लिहिण्याचीही गरज नाही.

प्रश्न: आतल्या पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांना एक व्यापारी रोख पैसे देतो. विकू का?

विकू नका. ही बहुधा झिओलाइट गटातील खनिजे असतात आणि वर सांगितलेले कलम ४८ येथेही लागू होते. विनापरवाना खनिज काढल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. व्यापारी रोख देऊन निघून जाईल, नोटीस सातबारावरच्या नावाने येईल. जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय एक तुकडाही हलवू नये.

प्रश्न: गावातील एक ठेकेदार म्हणतो की नाल्याचे पाणी थेट या पोकळीत सोडले तर सगळ्या विहिरी भरतील. पुनर्भरण चांगलेच ना? (दारव्हा तालुका)

हा प्रश्न मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि नुकसान कायमचे होते. मुरमातून किंवा झिजलेल्या पाषाणातून पाणी हळूहळू खाली उतरते तेव्हा गाळ वर अडतो, आणि मातीतले जीवाणू काही घाण पचवतात. लाव्हा नळीत यातले काहीच होत नाही. तोंडातून आत शिरलेले पाणी जसे शिरले तसेच भेगांमध्ये आणि तेथून खालच्या विहिरींत पोहोचू शकते. ते पाणी कुठून येते, याचा विचार करा. जून-जुलैचे पहिले जोराचे पाऊस पऱ्हाटी-सोयाबीनच्या वावरांतून काळी माती, खत, तणनाशक आणि फवारणीचे औषध घेऊनच नाल्यात उतरतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. तीच औषधे पिण्याच्या पाण्यात जाण्याची वाट आपण आपल्या हाताने का उघडावी?

अशा पद्धतीने पाणी सोडलेली एक पोकळी मी आतून पाहिली आहे. तळावर वीतभर काळ्या मातीचा थर वाळून तडकलेला होता, त्यात पऱ्हाट्या आणि औषधाच्या बाटल्यांची चंदेरी झाकणे रुतली होती, आणि भिंतीवरच्या लाव्हाच्या रेषा गुडघ्याच्या उंचीपर्यंत चिखलाने लिंपून गेल्या होत्या. भेगांमध्ये काळी माती शिरली की पाणी जिरण्याची वाटही तीच बुजवते, म्हणजे दोन-चार पावसाळ्यांत पुनर्भरणही थांबते. शिवाय ही माती ओलीने फुगते, कोरडी पडली की आकसते, आणि सांध्यांतले दगड सैल करते. ठेकेदाराचे बिल तोवर निघालेले असते.

म्हणून स्पष्ट सांगतो: नाला वळवू नका, शोषखड्डा जोडू नका, शौचालयाचे पाणी सोडू नका, मेलेले जनावर टाकू नका आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या तर चुकूनही टाकू नका. उलट तोंडाच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घालून वावराचे पाणी बाजूला काढावे आणि भोवती गवताचा रुंद पट्टा राखावा. पुनर्भरण हवेच असेल, तर वाळू-गिट्टीच्या थरांचा गाळणखड्डा पोकळीपासून दूर, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाने दाखवलेल्या जागीच करावा. ज्यांनी पाणी आधीच सोडले आहे त्यांनी ते आज बंद करावे आणि खालच्या विहिरींचे पाणी तपासून घ्यावे. अहवाल येईपर्यंत ते पिऊ नये.

प्रश्न: मुले आत जातात म्हणून तोंडावर पक्की भिंत बांधावी का?

भिंत नको, हवा खेळणे थांबते आणि आत वटवाघळे असली तर ती कोंडून मरतात. आडव्या गजांचे, मध्ये साधारण १४-१५ सेंटिमीटर फट असलेले, कुलूपबंद फाटक लावावे, पण त्याआधी वटवाघळांच्या अभ्यासकाकडून पाहणी करून घ्यावी आणि पिल्लांच्या काळात कामाला हात लावू नये. तोवर काटेरी कुंपण आणि फलक पुरे. साचलेल्या विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो आणि कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, हे मुलांना आणि मोठ्यांनाही सांगावे.

प्रश्न: एक कंपनी पर्यटनासाठी तीस वर्षांचा भाडेपट्टा मागते. सही करू का?

वकिलाने वाचल्याशिवाय नाही. आत कोणाला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, दिवे आणि पायऱ्या कोणाच्या परवानगीने बसणार आणि करार मोडल्यावर गुहा कोणत्या स्थितीत परत मिळणार, याची उत्तरे मसुद्यात नसतील तर तो परत करावा. ‘इसार आज घ्या, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

प्रश्न: माझ्यानंतरही ही जागा राखली जावी असे वाटते. काय करता येईल? (लोणार तालुका)

असे विचारणारे कमी आहेत, म्हणून आपले मनापासून आभार. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ साली भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता, पण त्याच्या भरवशावर थांबू नये. आत वटवाघळे किंवा अन्य दुर्मीळ जीव असतील, तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून लोकजैवविविधता नोंदवहीत नोंद करून घ्यावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली वारसा स्थळ घोषित होण्याचा मार्गही खुला आहे. गडचिरोलीतील आलापल्लीच्या जंगलाला २०१४ साली तो दर्जा मिळाला. हवाईत गुहांवरचे भूखंड विकत घेऊन राखणाऱ्या संस्था आहेत, परंतु आपल्याकडे संस्थेला शेतजमीन देताना विदर्भ प्रदेशासाठीचा १९५८ चा कुळवहिवाट कायदा आड येतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो. आधी तहसील कार्यालयात विचारून मगच कोणाला शब्द द्यावा.

खरा धोका वाटणीचा असतो. तीन भावांत वावर वाटले जाते, तोंड एकाकडे जाते, छत दुसऱ्याकडे आणि तिसरा आपल्या हिश्श्यात बोअर पाडतो. तोंडाभोवतीची नापीक जागा पोटखराब म्हणून दाखवता येईल का, हे तलाठ्यांना विचारावे. मोजणीचा अर्ज करताना गुहेचे तोंड नकाशावर दाखवण्याची लेखी विनंती करावी, आणि गुहेवरील पट्ट्यात कोणीही खोदकाम करणार नाही ही अट नोंदणीकृत वाटणीपत्रात घालून घ्यावी. तिचा मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्यावा.