न्यूयॉर्कचा 'लाइमलाइट' नाइटक्लब चर्चच्या इमारतीत होता म्हणे. चर्चने परवानगी दिलीच कशी?

चर्चने ती वास्तू नाइटक्लबला विकलीच नव्हती. मधले टप्पे गाळून ही गोष्ट सांगितली जाते, म्हणून हा गैरसमज होतो.

मॅनहॅटनमध्ये सहावा अ‍ॅव्हेन्यू आणि विसावा रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावरची ही तपकिरी दगडाची इमारत म्हणजे एपिस्कोपल या ख्रिश्चन पंथाचं 'चर्च ऑफ द होली कम्युनियन'. रिचर्ड अपजॉन या वास्तुविशारदाने ती 1840 च्या दशकाच्या मध्यावर बांधली. वॉल स्ट्रीटसमोरचं ट्रिनिटी चर्चही त्याच सुमारास त्याच्याच हातून उभं राहत होतं. पहिले धर्मगुरू विल्यम ऑगस्टस म्यूलनबर्ग. त्या काळी चर्चमधली बाकं पैसेवाली कुटुंबं भाड्याने घेत आणि गरिबांनी मागे बसायचं. म्यूलनबर्ग यांनी ही पद्धत मोडली आणि सगळी बाकं सगळ्यांना मोकळी ठेवली. या वास्तूच्या इतिहासातलं माझ्या मते हे सर्वांत मोठं पान, पण क्लबच्या झगमगाटात ते मागे पडलं.

1970 च्या दशकात या चर्चची मंडळी कॅल्व्हरी आणि सेंट जॉर्जेस या दोन चर्चांमध्ये विलीन झाली. अशी वास्तू विकण्याआधी एपिस्कोपल नियमानुसार धर्मप्रांताच्या स्थायी समितीची संमती घ्यावी लागते आणि बिशप तिचा धार्मिक दर्जा विधिपूर्वक काढून घेतात. त्यानंतर कायद्याच्या नजरेत ती साधी मालमत्ता. ती आधी लिंडिसफार्न या अभ्यासमंडळाकडे गेली, मग ओडिसी या व्यसनमुक्ती संस्थेकडे. पीटर गेशन यांनी 1983 मध्ये तिथे क्लब सुरू केला, तोवर चर्चच्या हातात काहीच उरलं नव्हतं. नव्या मालकाने काय करावं आणि काय नाही, ही अट पहिल्याच खरेदीखतात पक्की बांधावी लागते. नंतरच्या नाराजीला कायद्याचा आधार नसतो.

'पण इमारत तर संरक्षित होती ना?' होती, 1966 पासून. मात्र ते संरक्षण बाह्यरूपापुरतं होतं: दगड, खिडक्या, मनोरा. आत प्रार्थना चालते की डान्स, हे त्या यादीत येत नाही. न्यूयॉर्कच्या मद्यकायद्यात चर्चपासून त्याच रस्त्यावर 200 फुटांच्या आत बारला परवाना देण्यावर बंदी आहे, पण ती फक्त प्रार्थनेसाठीच वापरल्या जाणाऱ्या वास्तूला धरून. ही वास्तू तशी राहिलीच नव्हती.

पुढे 1996 मध्ये या क्लबमधल्या 'डिस्को 2000' पार्ट्यांचा आयोजक मायकेल एलिग याच्या हातून त्याच्या ओळखीच्या एंजेल मेलेंडेझचा खून झाला. हा खून क्लबमध्ये नव्हे, एलिगच्या घरी झाला. बरेच जण इथे घोळ घालतात. गेशन अमली पदार्थांच्या खटल्यातून 1998 मध्ये निर्दोष सुटले, करचुकवेगिरीत मात्र दोषी ठरले आणि 2003 मध्ये कॅनडाला पाठवले गेले. त्यानंतर काही वर्षं तिथे 'अ‍ॅव्हेलॉन' क्लब चालला, 2010 मध्ये दुकानं आली, मग जिम. बाहेरून पाहायचं असेल तर सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या 23 व्या रस्त्याच्या सबवे स्टेशनवर उतरून तीन चौक दक्षिणेला चाला, आणि मनोरा मधोमध नसून एका बाजूला का दिसतो ते नीट बघा. गॉथिक शैलीत ही मोकळीक अमेरिकेत पहिल्यांदा घेणाऱ्या चर्चांपैकी हे एक आहे.