केस आले, ताकद आली नाही

"ताई, माझा आळस कसा जाईल तेवढं सांगा."

खुर्चीत टेकल्यावर हे त्यांचं पहिलं वाक्य. सहकारनगरहून रिक्षानं आल्या होत्या, माझ्या खोलीपर्यंतचा एक जिना चढल्या होत्या आणि दोन मिनिटं नुसत्या श्वास घेत बसल्या होत्या. वय ४६, माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, केमोचे आठ डोस, रेडिएशनच्या पंधरा सिटिंग, सगळं आटोपून तीन महिने झालेले. आजार परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन या औषधाची रोज एक गोळी सुरू. मांडीवरच्या फाइलमध्ये कागद तारखेवार लावलेले, प्रत्येक रिपोर्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. अशी फाइल ठेवणारी बाई आळशी कशी असेल?

(त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका विचारतात. "उपचार संपले, मग मी अजून अशी का?" आणि त्याच्या मागोमाग, दाराकडे बघत, आवाज खाली आणून, "परत तर आला नसेल ना?"

मी त्यांना विचारलं, आळस म्हणजे नेमकं काय होतं? त्यांनी जे सांगितलं ते पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं होतं. "पूर्वी शाळेतून आले की शीण असायचा. अर्धा तास पडलं, चहा घेतला, की जायचा. हे जात नाही. रात्री नऊला झोपते, सकाळी उठते तीच गळून गेलेली. कणीक मळायला घेतली की मधेच हात थांबतात. वर्गात शिकवायची उदाहरणं आठवत नाहीत."

हा कर्करोगाचा आणि उपचारांचा थकवा. झोपून तो भरून निघत नाही, हीच त्याची खूण. केमोत तो बहुधा डोसानंतरचे काही दिवस जोरात असतो, मग उतरतो, पुढच्या डोसाला पुन्हा येतो. रेडिएशनमध्ये तो साचत जातो. शेवटच्या आठवड्यांत आणि त्यानंतरही काही काळ जास्त जाणवतो. बऱ्याच जणींचा काही महिन्यांत हळूहळू कमी होतो, काहींना मात्र वर्षानुवर्षं पुरतो. नुसत्या थकव्यावरून आजार परतला असं सहसा ठरत नाही, पण तो डॉक्टरांना सांगायचाच असतो. आणि बायका नेमकं तेच सांगत नाहीत. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात "बाकी ठीक" म्हणून उठतात.

म्हणून पहिलं काम म्हणून मी त्यांना परत त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थकव्यामागे कधी कधी सरळ बरी होणारी कारणं असतात: कमी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, वेदना, मोडलेली झोप. त्यांचं हिमोग्लोबिन ९.६ निघालं, बी-१२ही कमी. उपचार सुरू झाले. शिवाय रात्री दोनदा-तीनदा घामानं जाग येत होती. टॅमॉक्सिफेननं असं होऊ शकतं, यावर बोलता येतं, हेच त्यांना माहीत नव्हतं. गोळी आपल्या मनानं बंद करायचा विचार चालला होता, तो तिथेच थांबला.

मनाचीही चाचपणी केली. उदासपणा आणि हा थकवा बाहेरून सारखे दिसतात. मी साधं विचारते: करायची इच्छा आहे आणि अंगात त्राण नाही, की इच्छाच उरलेली नाही? त्यांचे डोळे भरून आले. "इच्छा आहे हो. तीच तर पंचाईत आहे." इच्छाच नाही असं उत्तर आलं असतं, तर मी मनोविकारतज्ज्ञांची भेट आधी ठरवली असती.

मग माझी एक चूक झाली. मी त्यांना तासातासाची नोंदवही भरायला दिली. पुढच्या भेटीत त्या अपराधी चेहऱ्यानं आल्या, वही कोरी. थकलेल्या बाईला मी आणखी एक घरकाम देऊन बसले होते. आम्ही ती वही बाजूला ठेवली. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यावर दुधाचा हिशोब लिहितात. त्याच चौकोनात रोज रात्री थकव्याचा एक आकडा लिहायचं ठरलं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. हे मोजमाप जगभर वापरतात; चार किंवा त्यापुढचा आकडा आला की नीट तपासणी हवी, सात ते दहा म्हणजे तीव्र.

तीन आठवड्यांनी पान फाडून आणलं. गणिताच्या बाई, मी बोलायच्या आधी त्यांनीच बोट ठेवलं. रविवारी ३. सोमवारी ८, मंगळवारी ८. पुढच्या गुरुवारी पुन्हा ३, शुक्रवार-शनिवारी ८.

"रविवारी बरं वाटत होतं म्हणून कपाटं आवरली. गुरुवारी पाहुणे होते."

बरा दिवस उगवला की राहिलेली सगळी कामं त्या एका दिवसात उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे. मला विचाराल, तर या थकव्यात वाईट दिवसांपेक्षा बऱ्या दिवसाला जपावं लागतं. आम्ही ठरवलं, बऱ्या दिवशीही पूर्ण दमायच्या आधी थांबायचं. भाजी बसून चिरायची. आंघोळ आणि स्वयंपाक लागोपाठ नको. दुपारची झोप अर्ध्या तासापुरती, नाहीतर रात्रीची उडते. आणि दिवसातला सगळ्यात चांगल्या ताकदीचा एक तास धुण्याभांड्यांना न देता मुलीच्या बारावीच्या गणिताला द्यायचा. ही शेवटची गोष्ट त्यांनीच काढली.

चालण्याचं मात्र त्यांना पटेना. "दमलेल्या माणसाला चालायला सांगता?" ऐकायला उलटंच वाटतं, पण या थकव्यावर सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचाच आहे. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं आठवड्यातून तीनदा साधारण ३० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम असा सल्ला दिला. तीस मिनिटांचा आकडा ऐकून बाई घाबरतात, म्हणून मी तो पहिल्या दिवशी सांगत नाही. डॉक्टरांना विचारून आम्ही सात मिनिटांवर सुरुवात केली, सोसायटीच्या आवारात. काखेतल्या गाठी काढलेल्या असल्यानं हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकल्या. हाताला सूज दिसली की लगेच दाखवायचं, हे त्यांना बजावलं होतं. सहाव्या आठवड्यात सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला प्रदक्षिणेसारखी एक फेरी झाली. दुखण्याआधी त्या दर शनिवारी पर्वती चढायच्या. ते अजून लांब आहे, पण आता त्या पर्वतीचं नाव काढतात.

खरी अडचण घरात होती. केमो चालू असताना केस गेलेले, चेहरा काळवंडलेला. तेव्हा त्यांचा थकवा सगळ्यांना पटायचा. जाऊबाई डबा पाठवायच्या, नवरा चहा करायचा. केस आले आणि सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलं की ही बरी झाली. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आम्ही बाळंतपणातून उठून दहाव्या दिवशी पोळपाट घेतला." मुलगी म्हणाली, "आई, तू सारखी आडवीच असतेस." आळस हा शब्द तिथून आलेला होता.

गौरी-गणपतीला तीन आठवडे उरले होते. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, सवाष्ण, हळदीकुंकू. मी घरच्यांना बोलावलं. सासूबाई ताठ बसल्या होत्या. त्यांना कर्करोगाविषयी काही समजावण्याआधी मी विचारलं, "आई, तुम्हाला कधी चिकनगुनिया झाला होता का?" पुण्यात तो कितीतरी जणांना होऊन गेलाय, म्हणून सहज विचारलं. त्यांचा चेहरा बदलला. "झाला होता तर. ताप चार दिवसांत गेला. पण सांधे! सहा महिने मला तांब्या उचलवत नव्हता. आणि हे म्हणायचे, ताप उतरला ना, मग काय झालं?"

खोलीत कोणी काही बोललं नाही. मग सासूबाईच सुनेकडे वळून म्हणाल्या, "तसं होतं का गं तुला?"

पुढचं माझ्याशिवाय ठरलं. पुरणपोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणायच्या, नैवेद्यापुरत्या पाच घरी. भाज्या सोळाच, पण एकत्र करून एकच भाजी. सजावट मुलगी आणि तिच्या मैत्रिणी. नवऱ्यानं विचारलं, "मॅडम, आणि घाबरायचं कधी?" चांगला प्रश्न होता. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, भोवळ आली, एक पाय सुजला, दिवसभर अंथरुणातून उठताच आलं नाही, तर थांबायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. केमो चालू असलेल्या माणसाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर तेव्हाच, रात्र असली तरी. आणि कोणी गव्हांकुराचा किंवा पपईच्या पानांचा रस आणून दिला, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

गौरीपूजनाच्या दिवशी चौकोनात ५ होता. दुसऱ्या दिवशीही ५. गेल्या महिन्यात शाळेत अर्धा दिवस जायला लागल्या आहेत. ८चा आकडा अजून येतो, पण लागोपाठ येत नाही. या वेळचं पान पाहिलं तर आकड्यांचं अक्षर वेगळं, जुन्या वळणाचं. रात्री दुधाचा हिशोब लिहिताना सासूबाईच विचारतात, "आज किती लिहू गं?"